गाडी धावते, टेबल गप्प बसतं

आधी निकाल सांगते. माझ्या रेल्वेच्या मॉडेलसाठी ज्या मिस्त्रींनी टेबल बांधून दिलं, त्यांच्या कामाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला तेही पुढे लिहिलंय. घरात रेल्वेचं मॉडेल मांडायचं मनात असेल, पण टेबलाचा विचार "ते काय, प्लाय टाकू की एक" एवढाच झाला असेल, तर रूळ विकत घ्यायच्या आधी हे वाचा. मी उलट्या क्रमाने गेले आणि एक अख्खं टेबल भंगारात घातलं.

माझं लहानपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील तिथे असिस्टंट स्टेशन मास्तर होते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की मागून बोरघाट चढवायला जादा इंजिनं लागायची, आणि त्या थोड्या वेळात एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर टण टण ठोकत जायचा. चाक धड असेल तर आवाज मोकळा येतो, तडा गेला असेल तर बद्द, असं वडिलांनी सांगितलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर हा घाटच घरात मांडायचा हे मी फार आधीपासून ठरवून ठेवलं होतं. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८मध्ये सुरू झालं, तेव्हापासून पाहुणे आले की त्यांना तिथे घेऊन जायचा माझा शिरस्ता आहे. दर वेळी परत येताना मनात खोलीची मापं चालू असायची.

खोली चौदा फूट बाय दहा. मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. या मापात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिला ८७ने भागलं तर एकोणीसच्या वर जातं. तरी भारतीय गाड्यांची मॉडेल्सही साडेसोळावरच धावतात, कारण तयार रूळ त्याच मापाचे मिळतात. हा फरक मी मान्य केला आहे. आवाजाचं मात्र मला जमवून घेता येईना.

पहिलं टेबल मी एका मॉड्युलर फर्निचरवाल्यांकडून करून घेतलं. नाव लिहीत नाही. त्यांचं काम स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटं करण्याचं, आणि ते काम ते चांगलं करतात. मी मागितलं ते त्यांनी दिलं: अकरा फूट बाय चार फुटांचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून करतात त्या बोर्डाचा) पत्रा, वर सनमायका, खाली चारी बाजूंनी बंद खोका आणि त्यात सहा ड्रॉवर. अठ्ठावीस हजार रुपये. दिसायला देखणं. रूळ ठोकले, इंजिन सोडलं, आणि खोलीभर घरघर सुरू झाली. ज्या इंजिनाचा आवाज हातात धरल्यावर भिंतीवरच्या घड्याळाएवढा येतो, तेच त्या टेबलावर गिरणीसारखं वाजत होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, झोप सावध. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा अगदी मऊपणे म्हणाले, "रात्री उशिरा काही वाटण घाटण असतं का हो तुमच्याकडे?" त्यानंतर मी साडेआठनंतर गाडी लावणंच सोडलं. पुढे पावसाळ्यात एमडीएफने पाणी धरलं. रूळावर एकटा ठेवलेला मालगाडीचा डबा आपोआप टेबलाच्या मधोमध जाऊन थांबायला लागला. पट्टी लावून बघितलं तर मध्ये सहा मिलिमीटर झोळ.

हे मिस्त्री मला मिळाले ते शेजारणीच्या मुलीमुळे. ती कथक शिकवते. तिच्या क्लासची लाकडी जमीन यांनी केली आहे, आणि त्या जमिनीवर बारा मुली एका वेळी तत्कार करतात तरी खालच्या दुकानदाराची तक्रार नाही. हे ऐकल्यावर मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

मिस्त्री साठीच्या आसपासचे, मूळचे भोर तालुक्यातले. बरोबर भाचा असतो. पहिल्या दिवशी त्यांनी टेप काढली नाही. जुन्या टेबलाजवळ उभे राहिले आणि बोटाच्या पेराने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, अगदी आपण कलिंगड निवडताना करतो तसं. मध्ये मध्ये थांबून पेन्सिलीने फुली मारायचे. कडेला आवाज कोरडा होता. जसजसा हात मध्याकडे गेला तसतसा तो घुमायला लागला. मग कान पत्र्याला लावला आणि मला म्हणाले, "ताई, गाडी सोडा." मी सोडली. मिनिटभराने डोकं वर केलं. "याला कातडं आहे आणि पोट पण आहे. हे वाजणारच." कर्जतचा तो चाकं ठोकणारा माणूस मला तिथेच आठवला.

त्यांचं ते एक वाक्य म्हणजे सगळी गोष्ट आहे, म्हणून जरा उलगडून सांगते. चाक रुळावरून जाताना बारीक थरथर होते, मोटर आणि दातचक्रांची वेगळी. ती थरथर रूळातून खिळ्यात, खिळ्यातून पत्र्यात उतरते. मोठा पत्रा फक्त कडेने धरलेला असेल तर तो डग्ग्याच्या पुडीसारखा हलतो आणि हवेला ढकलतो. खाली बंद खोका असेल तर त्यातली हवा घुमते. म्हणजे आवाज कमी करायचा तर तीन ठिकाणी हात घालायला हवा: पत्रा लहान करा, खोका उघडा करा, आणि रूळ ते लाकूड ही वाट तोडा. "वरून जाड गालिचा टाका" असं मला दोघातिघांनी सुचवलं होतं. पोट तसंच ठेवून वरून काही टाकल्याने फारसा फरक पडत नाही.

मी त्यांना एल गर्डर पद्धतीचं चित्र दाखवलं. लिन वेस्टकॉट नावाच्या अमेरिकन मॉडेलकाराने ही पद्धत रूढ केली. दोन लांब पट्ट्या काटकोनात चिकटवून इंग्रजी एल अक्षरासारखा आडवा तुळा करायचा, असे दोन तुळे समांतर, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवर उभे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर फक्त रूळाखाली जेवढा लागेल तेवढाच प्लाय. बाकी सगळं मोकळं, डोंगर नंतर जाळी आणि प्लॅस्टरने. स्क्रू खालून मारायचे, म्हणजे रूळाच्या आड एखादी पट्टी आली तर वरचं काही न उखडता ती सरकवता येते. मिस्त्रींनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे टेबल करायचंच नाही. सांगाडा करायचा." मग चित्रात दोन बदल सुचवले आणि दोन्ही बरोबर ठरले.

पहिला बदल लाकडाचा. चित्रात पाइनच्या पट्ट्या होत्या. इथे बाजारात मिळणारं पाइन पुरेसं वाळलेलं नसलं तर एका पावसाळ्यात पिळतं, म्हणून त्यांनी अठरा मिलिमीटरच्या प्लायच्याच पट्ट्या कापून तुळे करायचं ठरवलं. तीन इंचाची उभी, दोन इंचाची आडवी, मध्ये फेविकॉल आणि दर सहा इंचांवर स्क्रू. दुसरा बदल म्हणजे अकरा फुटांचं टेबल साडेपाच साडेपाच फुटांच्या दोन स्वतंत्र भागांत, मध्ये चार बोल्ट. उद्या घर बदललं तर जिन्यातून उतरवता आलं पाहिजे, हे मला सुचलंच नव्हतं.

प्लाय आणायला आम्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. तिथे दुकानातच मशीनवर पट्ट्या कापून देतात, ते जरूर करून घ्या. घरी हातकरवतीने साडेपाच फुटांची सरळ रेघ येत नाही, आणि तुळा वाकडा तर पुढचं सगळं वाकडं. एका शीटची पहिली पट्टी कापल्याबरोबर मिस्त्रींनी ती उचलून कडेने डोळ्यासमोर धरली. थरांच्या मध्ये बोट जाईल एवढं काळं भोक होतं, आतला थर तिथे जोडलेलाच नव्हता. अशी पोकळी असलेली पट्टी स्क्रू धरत नाही आणि थरथरीने आत बारीक खुळखुळते. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त पट्टी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने कुरकुर न करता शीट बदलून दिली. शीटवरचा शिक्का नुसता पाहू नका, तोडलेली कड पाहा.

आता या सगळ्यात मला जे काम सर्वांत मोलाचं वाटलं त्याकडे येते. मिस्त्रींनी मोठं काम सुरू करायच्या आधी दोन दोन फुटांचे चार नमुने केले. पैसे वेगळे मागितले नाहीत. पहिल्यावर नुसता बारा मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर खिळ्यांनी रूळ. दुसऱ्यावर प्लाय, तीन मिलिमीटरचा कॉर्क आणि खिळे. तिसऱ्यावर प्लाय, मग नोटीस बोर्डाला वापरतात तो बारा मिलिमीटरचा सॉफ्टबोर्ड, मग कॉर्क, आणि खिळे प्लायपर्यंत पोचलेले. चौथ्यावर थर तेच, पण एकही खिळा नाही. रूळ ॲक्रिलिक सीलंटने चिकटवलेला, ते भिंतीच्या भेगा भरायला रंगारी वापरतात ते. चारही नमुने आळीपाळीने त्या जुन्या वाजणाऱ्या टेबलावर ठेवून एकच इंजिन पुढे मागे चालवलं. मिस्त्रींचा भाचा शेजारच्या खोलीत दार लावून उभा होता आणि ऐकू आलं की भिंतीवर थाप मारायचा.

पहिल्याला थाप. दुसऱ्याला थाप. तिसऱ्यालाही थाप आली, तेव्हा मला वाईट वाटलं, कारण एवढे थर घालूनही काही होणार नाही असं वाटलं. चौथ्याला थाप आलीच नाही. मी दोन वेळा इंजिन फिरवलं, मग भाचा दार उघडून विचारायला आला, "चालू केलं का?" तिसऱ्या आणि चौथ्यात फरक फक्त खिळ्यांचा होता. मऊ थर कितीही घाला, खिळा सगळ्यांना भेदून रूळाची थरथर थेट प्लायला नेऊन देतो.

मग मी हट्टाने आणखी एक करून बघितलं. चौथ्या नमुन्याच्या अर्ध्या भागावर खडी पसरली आणि नेहमीच्या पद्धतीने पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून सोडला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर इंजिन त्या अर्ध्यात आलं की आवाज परत चढायचा. फेविकॉल वाळून दगड होतो, खडीची आणि रूळाची एक कडक फरशी तयार होते, आणि ती कडेने खाली टेकली की मऊ थरांचा उपयोग संपला. म्हणून खडीलाही आता मी वाळल्यावर लवचीक राहणारा डिंक वापरते, आणि खडी कॉर्कच्या उतारावरच थांबवते, खाली प्लायवर उतरू देत नाही.

चिकटवण्याबद्दल एक सावधगिरी. हार्डवेअरच्या दुकानात सीलंट मागितलं की पुष्कळदा व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन हातात देतात. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि ते तांब्याला खातं. मॉडेलच्या निकेल सिल्व्हर या मिश्रधातूच्या रुळात तांबंच जास्त असतं, आणि वायरी तर तांब्याच्याच. ते घेऊ नका. सॉफ्टबोर्डच्याही कापलेल्या कडा प्रायमरने बंद करा, नाहीतर तो पावसाळ्यात फुगतो.

बाकी बांधणी पाच दिवसांत झाली. पाय आठ, प्रत्येक भागाला चार. पाय टोकांना लावले नाहीत, तुळ्याच्या लांबीच्या साधारण एक पंचमांश आत घेतले, त्यामुळे मध्ये झोळ पडत नाही. पायांना तिरपे आधार आहेत, मी दोन्ही हातांनी ढकललं तरी डुगडुग नाही. तळाशी उंची कमीजास्त करायचे बोल्ट, आणि त्यांच्याखाली वॉशिंग मशीनला लावतात त्या रबरी गाद्या. भिंतीपासून एक इंच मोकळं, कारण टेबल भिंतीला टेकलं की भिंत आवाज घेऊन खाली जाते. उंची चाळीस इंच ठेवली. नातू चौरंगावर उभा राहतो, मला खाली बसून वायरिंग करायला नीट जागा मिळते, आणि गाडी डोळ्यांच्या जवळून जाते. रुंदी चार फूट असली तरी दोन्ही लांब बाजूंनी जाता येत असल्यामुळे हात दोन फुटांच्या पलीकडे न्यावा लागत नाही. बाहेरच्या मार्गाचं वळण बावीस इंच त्रिज्येचं बसलं, म्हणजे व्यास तीन फूट आठ इंच, दोन्ही कडांना दोन दोन इंच उरले. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला, प्रवासी डबा एचओमध्ये साधारण साडेचोवीस सेंटिमीटर होतो, तो या वळणावर बरा दिसतो. याहून आवळ वळणावर डब्यांची टोकं रूळाबाहेर फार लोंबतात.

लेव्हल त्यांनी काढली ती गवंड्याच्या पाण्याच्या नळीने. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक मी एका कोपऱ्याला धरलं, दुसरं भाचा एकेका पायापाशी घेऊन फिरला. आमच्या खोलीची फरशी एका टोकाला सात मिलिमीटर खाली आहे हे पंधरा वर्षांनी कळलं.

आणि मग घाट. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३मध्ये सुरू झाला आणि त्याचा सर्वांत कडक चढ सदतीसास एक. मला तोच हवा होता. मीटरला २.७ सेंटिमीटर, तीन मीटरमध्ये आठ सेंटिमीटर वर. मिस्त्रींनी ठोकळे चढत्या क्रमाने कापले, पण लगेच चिकटवले नाहीत. आधी क्लॅम्पने नुसते धरले. मग प्लायची पट्टी त्यांच्यावर स्वतःच्या लवचीकपणाने वाकू दिली. चढ जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे ती आपोआप गोलाई घेते, कोन येत नाही. कोन आला तर इंजिनाची मधली चाकं अधांतरी होतात किंवा कपलिंग सुटतं. चढावर माझं एक इंजिन चार डब्यांपर्यंत ओढतं. पाचवा जोडला की चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून मागे दुसरं इंजिन लावते. कर्जतला जे व्हायचं तेच इथे माझ्या टेबलावर होतं. पहिल्यांदा मागचं इंजिन लागून गाडी वर चढली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते.

आता तक्रारी. काम ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा सुरू झालं, आणि उशीर होणार हे मी फोन केल्यावर कळलं, त्यांनी आपणहून सांगितलं नाही. दोन भाग जिथे जुळतात तिथे त्यांनी एक स्क्रू बरोबर रूळाच्या रेषेखाली मारला. मी रूळ सांध्यावर कापायला गेले तेव्हा करवतीचं पातं त्यावर आपटून मोडलं. रूळांची रेषा खालच्या पट्ट्यांवरही पेन्सिलीने आखून द्या, मी ती फक्त वरच्या प्लायवर आखली होती. आणि पहिले दोन दिवस लाकडाचा भुसा खोलीभर तसाच राहिला. तो बारीक भुसा इंजिनाच्या दातचक्रांत गेला तर दातचक्रं अडकतात. तिसऱ्या दिवसापासून मी सांगितल्यावर कापाकापी गच्चीवर नेली. अर्धा गुण या तिन्हींचा मिळून.

खर्च असा आला. अठरा मिलिमीटरचे दोन आणि बारा मिलिमीटरचे दोन प्लाय मिळून १२,८०० रुपये. मजुरी १२,५००. स्क्रू, बोल्ट, डिंक, सीलंट २,३००. कॉर्क २,४००, सॉफ्टबोर्ड १,२००, रबरी गाद्या ४००, टेंपो ६००. एकूण ३२,२००. जुन्या टेबलापेक्षा चार हजारांनी जास्त, आणि यात ड्रॉवर नाहीत. ड्रॉवर हवेच असतील तर चाकांचं कपाट वेगळं करून खाली सरकवा, टेबलाला जोडू नका.

खालच्या आजोबांना मी मुद्दाम वर बोलावलं होतं. आधी त्यांच्या घरात त्यांना बसवून वर नातवाला गाडी चालवायला सांगितली, दहा मिनिटं. त्यांना पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही. मग वर आले, चहा झाला, आणि घाटावरून गाडी दोनदा चढवून घेतली. आता आठवड्यातून एकदा येतात.

मिस्त्री दिवाळीनंतर परत येणार आहेत, पुढच्या कडेला पट्टी लावायला आणि बोगद्याचे ठोकळे कापायला. हा पावसाळा संपल्यावर मी पाण्याची नळी पुन्हा लावून बघितली. आठ पायांपैकी खिडकीकडचा एक दोन मिलिमीटर बसला होता. खालचा बोल्ट पान्याने दीड फेरा फिरवला, पाणी रेघेवर आलं.